इलेक्ट्रोकेमिस्टचं सायटेशन खातं कसं वाचावं

निवड समितीवर बसायची माझी पहिलीच वेळ होती. समोर दोन फायली होत्या: एक लिथियम-आयन बॅटरीवर काम करणाऱ्याची, एच-इंडेक्स (पेपरांना मिळालेल्या संदर्भांवरून काढलेला आकडा) ३८, दुसरी धातूंच्या गंजावर काम करणाऱ्या बाईंची, एच-इंडेक्स १४. दुसरी फाइल मी दहा मिनिटांत मिटली. वर्षभराने माझ्या विद्यार्थिनीचा इम्पिडन्सचा (उलटसुलट वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाला होणाऱ्या रोधाचा) आलेख कुठल्याच मॉडेलमध्ये बसेना. ज्या जुन्या पेपरने वाट दाखवली, तो त्याच बाईंचा निघाला. त्यानंतर मी सायटेशन खाती, म्हणजे कुणाच्या पेपरांना इतरांनी किती संदर्भ दिले याच्या नोंदी, कशी वाचते, ते सांगते. एका खात्याला एक अख्खी संध्याकाळ द्यावी लागते.

आधी खातं एकाच माणसाचं आहे ना, हे तपासा. वांग, झांग, ली या आडनावांखाली दोन-तीन माणसांचे पेपर सहज एकत्र होतात. ऑर्किडचा (ORCID, संशोधकांची ओळख पटवणारी नोंदणी) सोळा अंकी क्रमांक मिळाला तर काम सोपं होतं. आकडा कुठून घेतला तेही लिहून ठेवा. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटमधले (परीक्षणाआधीच खुल्या केलेल्या पेपरांतले) संदर्भही मोजतं, म्हणून तिथला आकडा स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या संदर्भ मोजणाऱ्या सूचींपेक्षा बहुधा मोठा असतो. एकाचा इथून आणि दुसऱ्याचा तिथून आकडा घेऊन तुलना करू नका.

एच-इंडेक्स २००५ मध्ये हॉर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला: किमान एच संदर्भ मिळालेले एच पेपर, असा सर्वांत मोठा आकडा. समजा, सहा पेपरना ४०, २२, ९, ५, ४ आणि १ असे संदर्भ मिळालेत. किमान चार संदर्भ असलेले चार पेपर आहेत, पण किमान पाच असलेले पाच नाहीत. म्हणून एच ४. आता पहिल्या पेपरला ४० ऐवजी ४,००० संदर्भ मिळाले, तरी एच ४ च राहतो. शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतो, कमी कधी होत नाही. तेव्हा पहिल्या पेपरचं साल शेजारी लिहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

मग उपशाखा पाहा. माझी चूक इथेच झाली होती. बॅटरी आणि उत्प्रेरकांवर हजारो लोक काम करतात, भराभर लिहितात आणि एकमेकांचे संदर्भ देतात. गंजाचा नमुना कधीकधी वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवावा लागतो, आणि असं काम वाचणारेही मोजके. नेहमीचा इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या पेपरमागे सरासरी किती संदर्भ, तो आकडा) मागच्या दोनच वर्षांतले पेपर धरतो, त्यामुळे संथ काम त्यात दिसतच नाही. म्हणून तुलना त्याच उपशाखेतल्या, त्याच सुमारास कामाला लागलेल्या लोकांशी करा.

रिव्ह्यू पेपर, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा घेणारे, वेगळे काढा. सुपरकपॅसिटरवरचा (झटपट भरणाऱ्या वीजसाठ्यावरचा) सिमॉन आणि गोगोत्सी यांचा २००८ चा रिव्ह्यू प्रचंड उद्धृत झाला, आणि तो त्या योग्यतेचा आहे. पण रिव्ह्यूचं श्रेय प्रयोगाच्या खात्यात जमा करायचं नाही.

सगळ्यात जास्त वेळ पुढच्या कामाला द्या. त्या व्यक्तीचे तीन मूळ पेपर निवडा आणि प्रत्येकाचा संदर्भ देणारे वीस पेपर उघडून संदर्भ कुठे आलाय ते पाहा. प्रस्तावनेत पंधरा नावांच्या घोळक्यात असेल, तर वहीत एक साधी रेघ. प्रयोगपद्धतीत किंवा चर्चेत असेल, म्हणजे कुणी त्यांचं समीकरण वापरलंय, त्यांचा स्थिरांक घेतलाय किंवा त्यांच्याशी वाद घातलाय, तर ठळक फुली. निकल्सन आणि शेन यांचा सायक्लिक व्होल्टॅमेट्रीच्या (व्होल्टेज पुढे-मागे फिरवत प्रवाह मोजण्याच्या पद्धतीच्या) सिद्धांतावरचा १९६४ चा पेपर अशाच फुल्यांवर टिकून आहे. उलट, टाफेलचा उतार (प्रवाह दहापट करायला किती जास्त व्होल्टेज लागतं, ते सांगणारा) उत्प्रेरकांवरच्या पेपरांत पदोपदी भेटतो, पण टाफेलच्या १९०५ च्या मूळ पेपरचा संदर्भ क्वचितच दिलेला असतो. एखादं काम इतकं मुरतं की मोजणीतून नाहीसं होतं.

आता ते तीन पेपर स्वतः वाचा. संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) कोणता ते लिहिलंय का? द्रावणाच्या रोधाची दुरुस्ती केली असेल तर किती? करंट डेन्सिटी (दर क्षेत्रफळामागचा प्रवाह) भौमितिक क्षेत्रफळावर काढलीय की सक्रिय क्षेत्रफळावर? आणि माझा हट्टाचा प्रश्न: आम्लात 'प्लॅटिनमविरहित' उत्प्रेरक तपासताना काउंटर इलेक्ट्रोड (विद्युतमंडल पूर्ण करणारा दुसरा इलेक्ट्रोड) प्लॅटिनमचाच होता का? तो विरघळून कामाच्या इलेक्ट्रोडवर बसू शकतो, आणि मग उत्प्रेरकाचं कौतुक प्लॅटिनमच्या जिवावर होतं. अशा पेपरला कितीही संदर्भ असोत, मी तो बाजूला ठेवते.

कारकिर्दीचा आलेख पाहताना मधल्या रिकाम्या वर्षांवरून निष्कर्ष काढू नका. आजारपण, मूल, प्रयोगशाळा बदलणं, काहीही असू शकतं. उशीर म्हणजे उतरणही नव्हे. बॅटरी-संशोधक जॉन गुडइनफ यांचं लिथियम कोबाल्ट ऑक्साइड या बॅटरीतल्या पदार्थावरचं काम १९८० चं. लिथियम आयर्न फॉस्फेट या दुसऱ्या अशाच पदार्थाचा पेपर आला १९९७ मध्ये, ते पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, आणि नोबेल २०१९ मध्ये.

हल्ली अहवालात एच-इंडेक्सला मी एकच ओळ देते, स्रोत आणि तारखेसह. बाकीचं पान त्या तीन पेपरांचं: काय मोजलं, कसं मोजलं आणि ते नंतर कुणाच्या प्रयोगाला उपयोगी पडलं.