जुनी ताडपत्री घेताय? आधी उन्हात उलगडा

एप्रिल-मे हा वळवाचा आणि गारपिटीचा काळ. उन्हाळी कांद्याची पोळ (काढलेल्या कांद्याचा ढीग) शेतात पडलेली असते आणि आभाळ भरून आलं की बाजारात जुन्या ताडपत्रीसाठी झुंबड उडते. विकणारा घडी हातात ठेवतो, आपण घडीच घरी आणतो. मग पाऊस आला की नेमकं घडीच्या रेषेतून पाणी उतरतं. नाशिक-नगर पट्ट्यात सडलेला कांदा पुष्कळ पाहिला; त्यातला बराचसा झाकलेलाच होता.

म्हणून खरेदी आजच करा, ढग यायच्या आत, आणि भर दुपारी करा. दोघांनी ताडपत्री ताणून धरायची, तिसऱ्याने खाली जाऊन वर बघायचं. इकडेतिकडे दोन-चार भोकं असतील तर ठिगळ चालतं. पण घडीच्या रेषेवर ओळीने चांदण्या दिसल्या तर समजा, धागा उन्हाने मेलाय. तिथे ठिगळ लावलं की शेजारून फाटणार. रेषेवर नख ओढा. पांढरी भुकटी निघाली तर फुकटही नेऊ नका. शेवटी मधे खोलगा करून बादलीभर पाणी ओता आणि पंधरा मिनिटांनी खालून हात फिरवा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघा.

जाडी तोंडी सांगण्यावर घेऊ नका, काट्यावर घाला. ३० बाय ४० फुटी, २५० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाची) कोरडी ताडपत्री साधारण २८ किलो भरते. १७ किलोच भरली तर ती १५० जीएसएमची आहे, पैसेही तसेच द्या. चिखल-ओल झटकूनच तोला.

ट्रकवरची ताडपत्री मधोमध बरी निघते, दोरीखालचे पट्टे मात्र गेलेले असतात, असा माझा अंदाज. द्राक्षबागेतून आलेलं प्लास्टिक जपून घ्या. गंधकाच्या फवाऱ्याने ते लवकर कुजतं. फ्लेक्स उन्हात तडकतो, एखाद्या पावसापुरता ठीक. खत-औषधं वाहिलेल्या ताडपत्रीवर धान्य वाळवू नका.

कांद्याची बाकी कामं:
– काढणीआधी १०-१५ दिवस पाणी बंद
– ५० टक्के कांद्यांच्या माना (पातीचा बुंधा) पडल्यावर काढणी
– पातीसह ३-५ दिवस शेतात सुकवणी
– २ ते २.५ सेंमी मान ठेवून पात कापणे
– सावलीत १०-१२ दिवस

कांदा सडू नये म्हणून वरून टाकायची महागडी पावडर यंदाही दुकानात पुढे केली जाईल. ते पैसे चांगल्या ताडपत्रीत घाला. आणि नवी ‘इम्पोर्टेड’ घेतलीत तरी तीही उलगडूनच बघा. कोऱ्या मालातही घडीवर चिरा पाहिल्यात.

ढिगाभोवती वीतभर चर काढा, नाहीतर वरून वाचलेला कांदा खालून भिजतो. ताडपत्री थेट कांद्यावर न टाकता बांबूवर उतार देऊन ताणा, खोलग्यात पाणी साचलं की जुना धागा तिथेच दम तोडतो. कडेच्या रिंगा निघालेल्या असतील तर कोपऱ्यात खडा गुंडाळून त्यावर दोरी बांधा.

‘दामिनी’ ॲपवर विजेचा इशारा असेल तर झाकायला शेतात धावू नका. झाकणं त्याच्या आधी उरकलेलं हवं. पाऊस थांबल्यावर तासाभरात वाऱ्याकडची बाजू उचला. रात्रभर बंद राहिला तर आतल्या घामानेच कांदा काळा पडतो.