ताई ची (संथ हालचालींची चिनी युद्धकला) सुरू करताय? आधी नुसतं उभं राहायला शिका
सकाळी लवकर ठाण्यातल्या उपवन तलावापाशी या, सपाट तळाचे बूट घाला आणि पहिले पंधरा दिवस फॉर्मच्या, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या हालचालींच्या, मागे लागूच नका. फक्त उभं राहायचं, पाय खांद्याइतके लांब, गुडघे किंचित सैल, हात छातीसमोर मोठं झाड कवेत घेतल्यासारखे, श्वास नाकाने पार पोटापर्यंत. ची गाँग म्हणजे श्वास आणि संथ हालचालींचा चिनी व्यायामप्रकार, त्यातला हा अगदी पायाचा व्यायाम, सुरुवातीला ३ मिनिटं पुरे, मांड्या थरथरल्या तर चालतं पण गुडघा दुखला की लगेच सरळ व्हा. गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेला हवा, आत वळला की वाट लागते, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

मग २४ हालचालींचा छोटा फॉर्म घ्या, चीनमध्ये १९५६ साली सर्वसामान्यांसाठीच बसवलेला, पाच-सहा मिनिटांत होतो. वजन एका पायावर पूर्ण गेल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही, तोल सुधारतो तो यातूनच.

सेल्फ डिफेन्स म्हणाल तर एकट्याने फॉर्म करून ते येत नाही बरं का, जोडीदारासोबत पुश हँड्स, म्हणजे हाताला हात टेकवून एकमेकांचा जोर ओळखायचा सराव, करावंच लागतं, समोरच्याचा जोर अडवायचा नाही, कंबर वळवून त्याला वाट द्यायची. आणि खरंच कोणी अंगावर आलं तर हात सोडवून पळायचं, ओरडायचं, ११२ लावायचा.