बुलेटप्रूफ जाकिटातली प्लेट अशी तपासा

शस्त्रागारात नव्या पोरांच्या हातात मी आधी प्लेटच देतो. पुढे सिरॅमिक, मागे पॉलिथिलीनचे नाहीतर अरामिडचे, म्हणजे केवलारसारख्या चिवट तंतूंचे, थर. गोळी सिरॅमिकवर आपटून बोथट होते, फुटते. तिथलं सिरॅमिकही चुरा होऊन मार रुंद जागेवर पसरवतं. उरलेले तुकडे मागचे तंतू ताणले जाऊन अडवतात. म्हणून सिरॅमिकची बाजू बाहेरच हवी. घालण्याआधी खूण बघाच.

प्लेट हातून पडली असेल, तर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी वाजवा. खणखणीत आवाज मध्येच बसका लागला, की ती बाजूला काढा. वेष्टणाखालचा तडा डोळ्यांना दिसत नाही. आवाज ठीक वाटूनही शंका राहिली, तर एक्स-रे काढून घ्या. जाकिटातलं अरामिडचं पॅनल, म्हणजे कापडी थरांचा मऊ भाग, भिजवू नका, उन्हात तर ठेवूच नका. धुवायचं फक्त बाहेरचं कव्हर.