मेळघाटात शिकवायला जाताय? आधी महिनाभर ऐका

नोकरी सोडून किंवा निवृत्तीनंतर अमरावती जिल्ह्यातल्या धारणी-चिखलदऱ्याकडच्या गावांत शिकवायला जाणाऱ्यांची पहिली चूक वेळेची असते. हवा छान म्हणून ते दिवाळीनंतर जातात, आणि नेमक्या तेव्हाच कुटुंबं मजुरीसाठी बाहेर पडू लागतात. मुलंही बरोबर जातात. त्यापेक्षा मेच्या शेवटी पोहोचा. पेरणीसाठी माणसं गावात असतात आणि विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, म्हणजे ओळखीपाळखीला महिना मिळतो. पावसात नाले भरले की रस्ता बंद होतो, म्हणून डाळ-तांदूळ, मीठ, मेणबत्त्या, क्लोरीनचं द्रावण आणि ओआरएस दोन महिन्यांचं आधीच भरून ठेवा. नेटवर्क कुठल्या टेकाडावर मिळतं आणि गावात गाडी कोणाकडे आहे, हे पहिल्याच दिवशी विचारा. साप चावला तर ही माहितीच कामाला येते.

कागदपत्रं थोडीच लागतात: पोलिसांकडचं चारित्र्य प्रमाणपत्र, गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे ‘मी काय देणार’ हे सांगण्यापेक्षा ‘मुलं कुठल्या वेळी मोकळी असतात’ हे विचारा. जिल्हा परिषदेच्या गुरुजींची जागा घ्यायला आपण आलेलो नाही, हे त्यांच्यासमोरच स्पष्ट झालेलं बरं. त्यांचा वर्ग त्यांचाच. तुमच्याकडे तिसरी ते पाचवीतली, वाचता न येणारी मुलं आणि रोजचा दीड तास. वर्ग उघड्या ओसरीवर किंवा झाडाखाली घ्या. एकट्या मुलाला वा मुलीला खोलीवर बोलावू नका.

आता मुख्य अडचण. घरात कोरकू, बाजारात हिंदी आणि पुस्तकात मराठी. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा; तिचं नातं पूर्व भारतातल्या संथाळीशी, मराठीशी नाही. ‘जोम’ म्हटलं की आपल्याला उत्साह आठवतो, कोरकू मुलाला जेवण. म्हणून पहिला महिना शिकवू नका. रोज दहा शब्द वहीत टिपा, पोरांकडून उच्चार दुरुस्त करून घ्या. ती हसतील, हसू द्या. इथे शिकणारे तुम्ही आहात, हे त्यांना दिसणं फार उपयोगाचं.

महिन्याअखेर चाचणी घ्या. एका वेळी एकच मूल, पाच मिनिटं: आधी सुटी अक्षरं, मग दोन अक्षरी शब्द, मग चार सोप्या वाक्यांचा उतारा, शेवटी छोटी गोष्ट. पाचपैकी चार अक्षरं किंवा शब्द बरोबर आले की ती पायरी पार. गट इयत्तेनुसार नको, या पायरीनुसार करा. एका गटात बारा-पंधरा मुलं पुरे.

अक्षरगटाला ‘क, ख, ग’ घोकायला लावू नका. मुलं मुळाक्षरं गाण्यासारखी म्हणतात आणि मधलंच अक्षर दाखवलं की गप्प होतात, कारण चाल पाठ असते, आकार नाही. क, म, न, ल आणि काना एवढ्यावर सुरुवात करा: कान, नाक, मका, काम, नाला, कमल. चार अक्षरांत खरे शब्द वाचता आले की मूल उद्या पुन्हा येतं. प्रत्येक अक्षराची तळहाताएवढी चार-चार कार्डं जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून कापा. भ-म, घ-ध, थ-य या जोड्या एकाच आठवड्यात आणू नका. आकार इतके जवळचे की आधी पक्कं झालेलंही डळमळतं.

दीड तासातली पहिली पंधरा मिनिटं कोरकूत गप्पा. मूल जे बोललं त्यातलं एक वाक्य देवनागरीत फळ्यावर तसंच लिहा, त्याखाली मराठी, आणि दोन्ही त्यालाच वाचायला लावा. स्वतःचं बोलणं लिहिता येतं, हे कळल्यावर पुस्तकाची भीती बरीच उतरते. कोरकू वाक्य तपासायला गावातला शिकलेला एखादा तरुण किंवा तरुणी हवीच, तुमचा अंदाज चालणार नाही. मग चाळीस मिनिटं वाचन-लेखन, उरलेल्या वेळात गणित. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून हातचा शिकवा. फळ्यावरचा ‘हातचा एक’ मुलांना जादूच वाटते.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात आणि घरच्यांबरोबर मुलंही वेचायला जातात. तेव्हा सकाळचा वर्ग रिकामाच राहणार; तो संध्याकाळी घ्या आणि ‘दांडी मारली’ असं म्हणू नका. होळीला कामावर गेलेले गावी परततात. ते दिवस सणाचे, वर्ग भरत नाही. उलट गळालेली मुलं पुन्हा नोंदवायची संधी तेव्हाच असते.

चॉकलेटं वाटू नका, उधार देऊ नका. दोन्ही सुरू केलं की थांबवताना भांडण होतं. स्वतःच्या खर्चाचे सहा महिन्यांचे पैसे जवळ असू द्या.

जाण्याची तारीख मुलांना आधीच सांगा. शेवटचे तीन महिने कोरकू तपासून देणाऱ्या त्या तरुणाला किंवा तरुणीला फळ्यापुढे उभं करा आणि तुम्ही मुलांत बसा. कोण कुठल्या पायरीवर आहे, ती वही शाळेच्या कपाटात ठेवून निघा.