ट्राउटसाठी तीर्थनला जाताना

मित्रासोबत गाडी काढून हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात ट्राउट हा थंड पाण्यातला मासा धरायला जाणार असाल, तर आधी महिना बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते, पावसाळ्यात पाणी गढूळ. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर उत्तम. मत्स्य विभागाचा परवाना काढाच.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून नेहमी खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जा. दोघांनी एकदम पाण्यात उतरू नये. एकाने फ्लाय (किड्यासारखं दिसणारं कृत्रिम आमिष लावलेला गळ) टाकावी, दुसऱ्याने काठावरून मासा हेरावा. मला तर हेरण्यातच जास्त मजा वाटते! मासा सोडायचा असेल तर उलटा काटा नसलेला गळ वापरा आणि हात आधी ओले करा. कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो.