एकाच कढईत क्रीमी पास्ता: पाणी मोजून, दूध उशिरा

पास्ता एरवी भरपूर पाण्यात उकळतात आणि पाणी ओतून देतात. इथे थेंबभरही ओतायचं नाही. शिजताना पास्त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो आणि तेच पाणी आटून सॉस दाट होतो, त्यामुळे लोण्यावर मैदा परतून वेगळा व्हाइट सॉस करायची गरज उरत नाही. मात्र घातलेलं सगळं पाणी आणि सगळं मीठ कढईतच राहतं. म्हणून या पदार्थात अंदाजपंचे कारभार चालत नाही.

तिघांच्या जेवणाला 250 ग्रॅम पेने (नळीच्या आकाराचा पास्ता), 650 मिली गरम पाणी, 200 मिली सायीसकट दूध, 100 मिली फ्रेश क्रीम आणि 60 ग्रॅम किसलेलं प्रोसेस्ड चीज पुरतं. शिवाय 200 ग्रॅम मशरूम, एक सिमला मिरची, अर्धी वाटी मक्याचे दाणे, एक मध्यम कांदा, लसणाच्या सात-आठ पाकळ्या, दोन चमचे लोणी, एक चमचा तेल. मीठ एक सपाट छोटा चमचा, त्याहून जास्त नको. चीजमध्येही मीठ असतंच.

पास्ता घेताना पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलंय का ते बघा. मैद्याचा स्वस्त पास्ता या पद्धतीत हमखास दगा देतो: बाहेरून पीठ सुटतं, आत कच्चा राहतो आणि ढवळताना तुटतो. स्पॅगेटीही पहिल्या खेपेला नको. ती रुंद कढईतसुद्धा नीट बुडत नाही, आणि तिचे गठ्ठे होतात.

भांडं जाड बुडाचं आणि रुंद हवं, झाकण बसेल असं. आधी तेल तापवून मोठ्या आचेवर मशरूम परता. त्यांना पाणी सुटेल. ते पूर्ण आटून कडा तांबूस होईपर्यंत थांबा, मग बाजूला काढा. ही पाच-सहा मिनिटं वाचवायला गेलात तर मशरूमचं पाणी पुढे सॉसमध्ये उतरतं आणि तुम्ही मोजलेल्या पाण्याचा हिशेब चुकतो. सिमला मिरचीही मिनिटभर परतून काढून ठेवा, नाहीतर पास्ता होईपर्यंत तिचा लगदा होईल.

आता त्याच कढईत लोणी, त्यावर बारीक चिरलेला लसूण. लसूण लाल करायचा नाही, कडवट लागतो. वास सुटला की लगेच कांदा घाला. कांदा पारदर्शक झाला की मक्याचे दाणे, कोरडा पास्ता, मीठ आणि गरम पाणी घाला. पास्ता पाण्याखाली जेमतेम बुडलेला असावा. उकळी आली की आच मध्यम करा, झाकण अर्धवट ठेवा आणि दर दोन मिनिटांनी तळापासून उलथनं फिरवा. पहिल्या तीन-चार मिनिटांत हे चुकवू नका, कारण पास्ता एकमेकांना आणि बुडाला चिकटतो तो तेव्हाच.

पाकिटावर 11 मिनिटं लिहिली असतील तर आठव्या मिनिटाला एक तुकडा मोडून बघा. मधोमध पांढरा ठिपका दिसला, की दूध घालायची वेळ झाली. पाणी तोवर तळाशी थोडंच उरलेलं असेल. दूध सुरुवातीपासून घातलं तर ते खाली लागतं, आणि एकदा करपल्याचा वास सॉसला लागला की तो काही केल्या जात नाही. दूध कोमट घाला, आच मंद करा, झाकण काढा आणि तीन-चार मिनिटं सतत हलवत राहा. पास्ता दाताला किंचित लागेल इतपतच शिजवा.

गॅस बंद करून मिनिटभर थांबा. मग क्रीम आणि चीज. इकडे मिळणाऱ्या पाकिटातल्या क्रीममध्ये साधारण 25 टक्के फॅट असतं. ते खदखदा उकळलं तर फुटू शकतं. चीजचंही तसंच. मोझरेला घातलं तर ते तारा काढत बसतं आणि गोळा होतं. इथे प्रोसेस्ड चीजच बरं, त्यातल्या इमल्सिफायर क्षारांमुळे (फॅट आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार) ते एकसारखं विरघळतं. (पिझ्झ्याची तार इथे कशाला हवी?) आता मशरूम, सिमला मिरची, भरड मिरपूड, चिमूटभर ओरेगॅनो आणि जायफळाची अगदी जराशी पूड घाला. जायफळ जास्त झालं तर पास्त्याला बासुंदीचा वास येईल.

या क्षणी सॉस जरा पातळ वाटला पाहिजे. पाच मिनिटांत पास्ता तो शोषून घेतो. कढईतच हवा तसा दाट झालेला सॉस ताटात येईपर्यंत पिठलं होतो. तसं झालंच तर दोन-तीन चमचे गरम पाणी घालून हलवा. उलट फारच पातळ राहिला असेल तर क्रीम घालण्याआधीच मोठ्या आचेवर आटवा, नंतर नाही.

टोमॅटो घालून गुलाबी सॉस करायचा असेल तर दूध पूर्ण वगळा आणि पाणी 800 मिली घ्या. टोमॅटोच्या आंबटपणाने दूध नासतं. दोन टोमॅटोंची प्युरी कांद्यावर तेल सुटेपर्यंत परता आणि गॅस बंद केल्यावर फक्त क्रीम घाला.

कुकरमध्ये करायचा मोह होतो, पण स्टार्चचा फेस शिट्टीत अडकतो, आणि मधेच तुकडा मोडून बघता येत नाही. उरलेला पास्ता फ्रिजमध्ये घट्ट होतो. गरम करताना वाटीभर पास्त्याला दोन-तीन चमचे दूध घालून मंद आचेवर हलवत राहा.