दहावीनंतर आयटीआय: इलेक्ट्रिशियन घ्यायचा की हॉर्टिकल्चर (फळबाग-नर्सरी)?
भाऊ, निकाल लागला की आधी ऑनलाइन फॉर्म भरायचा आणि कन्फर्म करून घ्यायचा, नुसता भरून घरी बसू नका, मग ऑप्शन फॉर्ममध्ये ट्रेड (म्हणजे कोर्स) क्रमाने टाकायचे, नी पहिल्या नंबरला तोच टाका जो खरंच हवाय.

इलेक्ट्रिशियन 2 वर्षांचा, दहावीला सायन्स-गणित लागतं. पोरं घरगुती वायरिंगवरच अडकतात, पण कंपनीत मेंटेनन्सचं काम पाहिजे तर स्टार-डेल्टा स्टार्टर (मोठी मोटर कमी करंटवर चालू करणारा) स्वतः उघडा: तीन कॉन्टॅक्टर (विजेवर ओढले जाणारे स्विच), टायमर, ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा), कोणता कधी ओढतो ते कानाने ऐकून कळलं पाहिजे. आपल्याकडे विहिरीवर एक फेज गेला की मोटर जळते, ते का जळते हे सांगता आलं तर निम्मा ट्रेड आला समजा. सप्लाय बंद केला तरी टेस्टर लावल्याशिवाय हात नाही घालायचा.

हॉर्टिकल्चर 1 वर्षाचा. रावेर-यावलकडचे म्हणतात केळी तर आम्ही लावतोच, शिकायचं काय? पण लिंबाची गुटी (झाडावरच्या फांदीला मुळं फोडायची), आंब्याचं पाचर कलम (रोपाच्या चिरेत दुसऱ्या झाडाची काडी बसवायची), नर्सरी, ही हातातली कला आहे. कलमाची पट्टी सैल राहिली की पाणी शिरून काडी काळी पडते, माझ्या पहिल्या दहातली आठ गेली.

पास झाल्यावर अप्रेंटिसशिप (कंपनीत काम करत शिकणं) सोडू नका, स्टायपेंड कमी वाटला तरी.